शेकरूला बाजारात पाठवू नका

भीमाशंकरच्या अंगाला एका शाळेत मी दुसरीला शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. मुलांसाठी हौसेनं एक कथा लिहिली. तिच्यात शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी रानखार, पिशवी घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघतं. दुसऱ्याच परिच्छेदाला मागून आवाज आला, "बाई, शेकरू खाली उतरत नसतंय." सगळा वर्ग त्याच्या बाजूचा झाला आणि माझं शेकरू बाजारात काही पोचलं नाही.

म्हणून सांगते, प्राण्यांची, थोड्या जादूची, रोज एक प्रकरण वाचायची गोष्ट लिहायला घेतलीत तर जादूपासून सुरुवात करू नका. आधी त्या प्राण्याच्या खऱ्या सवयी वहीत उतरवा. पुस्तकातून घ्या, नाहीतर रानात जाणाऱ्या माणसाला विचारा. शेकरूच्या माझ्या यादीत होतं: शेपूट अंगाहून लांब, उडी सहा मीटरपर्यंत, भर दुपारी फांदीवर पसरून विश्रांती, राहणं एकट्यानं. आणि एकेकाची अनेक घरटी, तीही उंच झाडांच्या बारीक फांद्यांत, म्हणजे जड शिकाऱ्याला तिथवर जाता येऊ नये.

या शेवटच्या ओळीतच गोष्ट होती. एवढी घरटी असतील तर रात्री शेकरू कुठल्या घरट्यात झोपतं? बाकीच्यांना काय वाटतं? मग एकच जादू ठेवली: अंधार पडला की घरटी आपसांत बोलतात. उंबरावरचं थोरलं म्हणून तोरा मिरवतं, हिरड्यावरचं सारखं रुसतं, जांभळावरचं गळतं आणि ते कबूल करत नाही. बाकी सगळं रानाच्या नियमानं. एक अशक्य गोष्ट मुलं आनंदानं मान्य करतात. दुसरी आणलीत की पहिलीबद्दलही प्रश्न विचारायला लागतात.

माझी घरटी सहा, म्हणून प्रकरणंही सहा. एकेक सहाशे शब्दांच्या आसपास. सावकाश, मोठ्यानं वाचलं तर पाच-सात मिनिटं. दुसरीतलं मूल स्वतः वाचणार असेल तर वाक्यं आखूड ठेवा आणि एका ओळीत जोडाक्षरांची गर्दी नको. पण 'ढोली', 'शेंडा', 'बाळहिरडा' हे शब्द अवघड म्हणून काढू नका. ज्यांच्या अंगणात हिरडा वाळतो त्या मुलांनी उलट मलाच बाळहिरडा कसा ओळखायचा ते शिकवलं.

आता भीतीचं. कोमल गोष्ट म्हणजे त्यात गरुड नसतो असं नाही. गरुड हवाच, फक्त त्याला दुष्ट करू नका आणि शेवटी फळं खायलाही लावू नका. मुलांना ते फसवल्यासारखं वाटतं. माझ्या तिसऱ्या प्रकरणात त्याची सावली पानांवरून सरकते, शेकरू खोडाला चिकटून निपचित राहतं, आणि त्याच प्रकरणात सावली निघून जाते. झोपायच्या वेळी वाचायचं पुस्तक असेल तर गरुड घिरट्या घालत असताना प्रकरण तोडू नका. उद्याची ओढ लावायला लहानसा प्रश्न पुरतो. जांभळावरच्या घरट्यात आज कुणाचं तरी पीस सापडलं. कुणाचं?

नाव ठेवताना चिंटू-पिंटू टाळा. आमच्या शेकरूचं नाव 'लांबडी' वर्गानं ठेवलं, शेपटीवरून.

लिहून झालं की मुलांना वाचून दाखवा, आणि कागदाकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघा. जिथं कुणी चप्पल शोधायला लागेल तिथं पेन्सिलीनं रेघ मारा. माझी पावसाच्या वर्णनाची अख्खी दीड पानं अशी गेली. भीमाशंकरचा पाऊस काय असतो हे त्यांना मी सांगायचं?

सहावं प्रकरण संपलं त्या दिवशी एका मुलीनं पाटीवर सातवं घरटं काढून आणलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते बोलत नाही, नुसतं ऐकतं. तिला विचारून मी ते गोष्टीत घेतलं.