सिनरच्या सुरुवातीच्या वर्षांवरून गावातील मुलाच्या टेनिसची आखणी कशी करावी

विदर्भातील खेड्यात टेनिसची ओढ लागलेला मुलगा किंवा मुलगी दिसली की पालक आणि क्रीडाशिक्षक बहुधा मोठ्या खेळाडूंचे करंडक मोजू लागतात. त्यापेक्षा इटलीचा टेनिसपटू यानिक सिनर याची वयाच्या आठव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतची वाटचाल तपासणे अधिक उपयोगाचे आहे, कारण त्या काळात त्याच्याबाबतीत जे निर्णय घेतले गेले, त्यांतील बरेचसे आपल्याकडे थोड्या फेरफाराने घेता येतात आणि एक-दोन मात्र मुळीच घेऊ नयेत असे आहेत.

पहिला निर्णय घाई न करण्याचा आहे. १६ ऑगस्ट २००१ रोजी जन्मलेला सिनर आल्प्सच्या कुशीतील सेस्टो या लहानशा गावात वाढला; त्याचे वडील पर्यटकांच्या एका विश्रामगृहात स्वयंपाकी होते आणि आईही तेथेच काम करीत असे. त्याचा पहिला खेळ स्कीइंग हा होता, त्यात लहान वयात तो आपल्या गटातील राष्ट्रीय विजेता ठरला, आणि मध्यंतरी टेनिस त्याने काही काळ सोडूनही दिले होते. तेव्हा बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाला टेनिसखेरीज खो-खो, आट्यापाट्या, फुटबॉल असे खेळ खेळू द्यावेत. खो-खोत खांबाला वळसा घालताना पाय जसे आवरावे लागतात, तसेच टेनिसमध्ये कोपऱ्यातील चेंडू मारून मध्यभागी परतताना आवरावे लागतात, आणि हे शिक्षण आपल्या शाळांत फुकट मिळते.

जागेचा प्रश्न खरा अवघड आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल होते, त्यामुळे तिच्यावर चेंडूची उसळी कधीच सारखी मिळत नाही. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेली पट्टी हा परवडणारा उपाय आहे. एकेरीचे पूर्ण मैदान २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते, आणि मागे-बाजूला धावायला मोकळी जागा वेगळी लागते. पण दहा वर्षांखालील मुलांसाठी लहान मैदान आणि मऊ, सावकाश उसळणारे लाल किंवा नारिंगी चेंडू वापरावेत. एवढी जागाही नसेल तर शाळेच्या जाडजूड भिंतीवर जमिनीपासून ९१ सेंटिमीटरवर, म्हणजे जाळीच्या मध्यभागाच्या उंचीवर, चुन्याची आडवी रेघ ओढावी आणि भिंतीसमोर सहा-सात पावलांवर उभे राहून चेंडू रेघेच्या वर सलग किती वेळा बसतो ते मोजत जावे. कोपराचा किंवा खांद्याचा दोष असल्यास चेंडू रेघेखाली जाऊ लागतो आणि तो मुलाच्याही ध्यानात येतो. सराव सकाळी आठच्या आत संपवावा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर संध्याकाळीही मुलांना रॅकेट देऊ नये.

दुसरा निर्णय घर सोडण्याचा आहे, आणि तो तसाच उचलू नये. तेराव्या वर्षी सिनरने स्कीइंग बाजूला ठेवले आणि इटलीच्या पश्चिम टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डिघेरा येथे टेनिस प्रशिक्षक रिकार्डो पियाट्टी यांच्या अकादमीत तो राहायला गेला; पण तेथे तो एका प्रशिक्षकाच्या कुटुंबात राहत असे, हा तपशील बहुतेक जण विसरतात. मुलाला नागपूर किंवा पुण्याला पाठवायचे असेल तर प्रशिक्षणाच्या फीआधी, त्याला जेवू कोण घालणार, शाळेत कोण नेणार आणि ताप आला तर कोण पाहणार, याची उत्तरे हाती असावीत. ती नसतील तर आणखी दोन वर्षे गावातच काढलेली बरी.

तिसरी गोष्ट स्पर्धांच्या निवडीची आहे आणि माझ्या मते या वाटचालीचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. कनिष्ठ गटाच्या जागतिक क्रमवारीत सिनर पहिल्या शंभरातही आला नाही; त्याला लवकरच प्रौढांच्या स्पर्धांत उतरवण्यात आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये इटलीतील बर्गामोच्या चॅलेंजर स्पर्धेत (मुख्य दौऱ्याच्या खालच्या पातळीवरील व्यावसायिक स्पर्धेत) आयोजकांनी त्याला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी पुरेशी नसतानाही थेट प्रवेश, दिला, तेव्हा तो सतरा वर्षांचा आणि जागतिक क्रमवारीत ५४६ वा होता. ती स्पर्धा त्याने जिंकली. त्याच वर्षी तो पात्रता फेऱ्यांतून अमेरिकन ओपनच्या मुख्य फेरीत पोहोचला आणि वर्षअखेर ७८ व्या स्थानावर आला. २०२० मध्ये फ्रेंच ओपनच्या पहिल्याच खेपेत उपांत्यपूर्व फेरीत नदालकडून हरल्यानंतर नोव्हेंबरात बल्गेरियातील सोफिया येथे त्याने पहिले एटीपी, म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यातील, विजेतेपद मिळवले.

इटलीत अशा चॅलेंजर स्पर्धा बऱ्याच होतात, आपल्याकडे त्या दुर्मिळ आहेत, हा फरक मान्य करूनच पुढे जावे. आपल्या मुलाने चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिल्ह्यात जिंकली की पुढच्या वर्षी पुन्हा तीच जिंकण्याची हौस आवरावी आणि त्याला मोठ्या वयोगटात, तालुक्यातील प्रौढ खेळाडूंसमोर उभे करावे, जेथे तो बहुधा हरेल. प्रत्येक सामन्यानंतर निकालाबरोबर दुहेरी चुका (दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेले गुण) किती झाल्या आणि लांबलेले गेम कोणी जिंकले, एवढे वहीत लिहून ठेवावे.

सामने कमी पडत असतील तर ते गावातच भरवावेत. २०१९ च्या मिलानमधील नेक्स्ट जेन या तरुण खेळाडूंच्या स्पर्धेत, जी सिनरने अंतिम सामन्यात ॲलेक्स डी मिनॉरला हरवून जिंकली, सेट सहाऐवजी चार गेमचा होता आणि ४०-४० अशी बरोबरी झाल्यावर एकाच गुणावर गेम संपत असे. याच नियमांनी एका मैदानावर, एका सकाळी, ऊन चढण्यापूर्वी अनेक छोटे सामने आटोपता येतात. क्रमवारीच्या स्पर्धांत उतरायचे झाल्यास अखिल भारतीय टेनिस संघटनेकडे खेळाडूची नोंदणी लागते. त्यासाठी जन्मदाखल्यावरील आणि आधार कार्डावरील नाव व तारीख जुळते का, हे अर्ज भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.