‘कबुलीजबाब’ लिहिताना हात अडला तेव्हा

संग्रहालयशास्त्राच्या प्रबंधासाठी मी महिनाभर कंबोडियात, नॉम पेनच्या तुओल स्लेंग या नरसंहाराच्या संग्रहालयात होते. अशा संग्रहालयांत काम करू पाहणाऱ्यांसाठी हे थोडं.

तुओल स्लेंग ही मुळात शाळा. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत (१९७५-७९) वर्गांच्या कोठड्या झाल्या आणि तुरुंगाला ‘एस-२१’ नाव पडलं. इथल्या किमान १२,२७२ जणांना मारलं गेलं, असं पुढे तुरुंगाच्या प्रमुखावरच्या खटल्याच्या निकालात नोंदलं गेलं. जिवंत सुटले ते अगदी मोजके. तुरुंगाचा प्रमुख आधी गणिताचा मास्तर होता, हे वाचून मी वही मिटून बाहेर अंगणात जाऊन बसले होते.

लोखंडी खाटा, काटेरी तारा, यांची मनाशी तयारी करून गेले होते. गडबडले ती कागदांपाशी. इथले फोटो आणि फायली मारणाऱ्यांनीच तयार केल्यात. माणसाला आणलं की त्याचा फोटो, मग छळ करून जबानी. त्यात कुणी ‘सीआयएचा हेर’, कुणी ‘केजीबीचा’. सरावासाठी नोंद करताना मीही सरळ लिहून टाकलं : ‘कबुलीजबाब, हेरगिरी’. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि लाज वाटली. छळणाऱ्याचं खोटं मी माझ्या अक्षरात उतरवलं होतं! आता ‘छळ करून लिहवून घेतलेली जबानी’ असंच लिहिते. रकान्यात मावत नाही. मग रकाना मोठा करायचा.

फोटोंचंही तेच. आपण पाहतो ते तुरुंगाच्या कॅमेऱ्यातून. म्हणून इथे कैदी असलेले चित्रकार व्हान नाथ यांच्या चित्रांपाशी जास्त वेळ द्या. ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याची चित्रं काढायला हवेत म्हणून त्यांना जिवंत ठेवलं होतं. सुटल्यावर त्यांनी तिथला छळ रंगवला. तिथे नजर कैद्याची आहे.

दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त फोटो पाहू नका. मी पहिल्या आठवड्यात सात-सात तास बसले आणि नंतर दोन दिवस खोलीतून बाहेर पडले नाही. त्यातून प्रबंधाला काही मिळालं नाही.

जाण्याआधी ख्मेर लिपी शिका. वर्णमाला आपल्यासारखीच क-ख-ग च्या क्रमाने चालते, त्यामुळे छापील पाट्या लवकर जमतात. हस्ताक्षर मात्र मला शेवटपर्यंत लागलं नाही. दुभाष्याचे पैसे खर्चात आधीच धरून ठेवा.