मुलांना कपडे नेमके किती लागतात, हे कसं ठरवावं

सात शर्ट, पाच पँटी, दोन स्वेटर अशा तयार याद्या खूप मिळतात. त्या बाजूला ठेवा. तुमच्याकडे धुणं किती दिवसांनी निघतं, कपडे वाळायला किती वेळ लागतो आणि तुमचं मूल दिवसातून किती वेळा कपडे खराब करतं, हे यादी करणाऱ्याला कुठून कळणार? आकडा याच तीन गोष्टींतून निघतो.

आधी आखूड झालेलं आणि फाटलेलं काढून टाका.

मग हिशेब. दोन धुण्यांमधले दिवस आणि वाळण्याचे दिवस यांची बेरीज करा, तिला रोजच्या जोडांनी गुणा आणि वर दोन जोड धरा. धुणं दर तीन दिवसांनी, वाळायला एक दिवस, रोज दोन जोड: आठ अधिक दोन, म्हणजे दहा. तान्ह्या बाळाला दिवसाला चार-पाच जोडही लागतात, पण त्याचं धुणंही बहुतेक रोज असतं. चड्ड्या वेगळ्या मोजा. शू सांगायला शिकण्याच्या दिवसांत त्या कमी पडू देऊ नका.

खरी अडचण यापुढे. हिशेबाने दहा जोड निघतात, कपाटात तीस असतात आणि तरी सकाळी घालायला काही सापडत नाही. मी इथे दोन वर्षं अडकले होते. कमी पडतायत असं वाटून आणखी आणत राहिले. मी कपाटातले कपडे मोजत होते. मोजायला हवे होते अंगावर चढणारे.

त्यासाठी एक कप्पा रिकामा करा आणि पंधरा दिवस धुऊन आलेले कपडे फक्त त्यातच ठेवा. बाकीच्या कपड्यांची जागा हलवू नका. पंधरा दिवसांनी जुन्या जागी जे पडून राहिलं असेल, तो एकेक कपडा मुलाच्या हातात द्या आणि हा का नको, ते विचारा. उत्तर ऐकून घ्या, लगेच समजूत घालायला जाऊ नका.

माझी मुलगी एका पिवळ्या शर्टाला हात लावायची नाही. मी तो हट्ट समजत होते. एकदा जबरदस्तीने घातला. संध्याकाळी काढताना पाहिलं, तर मानेमागे लेबलाचा कडक कोपरा घासून लाल वळ उठला होता. टाके उसवून लेबल काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो शर्ट तिने आपणहून घातला. ‘नको’मागे बहुतेक वेळा असंच काही असतं: गळा डोक्यातून जात नाही, इलॅस्टिक कमरेत रुततं, बटण स्वतःला लावता येत नाही. दुरुस्त होण्यासारखं असेल तर त्याच आठवड्यात करा, नसेल तर देऊन टाका. ‘घालेल कधीतरी’ म्हणून पुन्हा घडी घालून ठेवलेला कपडा तसाच आखूड होतो.

ठेवणीतला जोड एकच पुरे. मी जपून ठेवलेला फ्रॉक दुसऱ्यांदा बाहेर काढला, तेव्हा तो काखेत दाटत होता.

वाढत्या अंगाचे कपडे घेण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: एक माप मोठं चालेल, दोन मापं कधीच नाही. पायात येणाऱ्या पँटने मूल पडतं. बाळाची उंची पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटीमीटरने वाढते, त्यामुळे तिथे साठा करण्यात अर्थच नाही. शाळेच्या वयात वर्षाला ५-६ सेंटीमीटर वाढ होते आणि पँट बहुधा कमरेआधी उंचीला कमी पडते. म्हणून खाली तीन-चार बोटं दुमड असलेली पँट घ्या आणि लागेल तशी सोडा.

गणवेश या हिशेबात धरू नका. दोन वर्षांखालच्या बाळासाठी दर तीन महिन्यांनी आणि मोठ्यांसाठी दर सहा महिन्यांनी हा हिशेब पुन्हा करा.