घरातल्या ट्रेनरवर झ्विफ्ट: जोडणीपासून पहिल्या राइडपर्यंत

पावसाळ्यात घाटरस्त्यांवर शेवाळ धरतं, खड्डे पाण्याखाली जातात आणि पहाटेच्या पावसात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला सायकल दिसत नाही. हे चार महिने पाय थंड पडू नयेत म्हणून आपल्याकडचे बरेच सायकलस्वार ट्रेनर, म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवता येईल असा स्टँड, घेतात. नुसत्या भिंतीकडे बघत पेडल मारणं मात्र फार दिवस टिकत नाही. झ्विफ्टसारखं सॉफ्टवेअर तिथे खरंच कामाला येतं. पडद्यावर रस्ता असतो, चढ आला की पेडल जड होतं, आजूबाजूला जगभरातले लोक त्याच वेळी सायकल चालवत असतात.

जोडणी करताना एक गोष्ट सतत डोक्यात ठेवा: पडद्यावरचा वॅटचा, म्हणजे पेडलवर लावलेल्या ताकदीचा, आकडा खरा हवा. झ्विफ्टमध्ये तुमचा वेग जीपीएसवरून ठरत नाही. तुम्ही किती वॅट लावता, तुमचं वजन किती आणि रस्ता किती चढाचा, यावरून तो काढला जातो. आकडा चुकला तर पुढचा सगळा सराव चुकीच्या पायावर उभा राहतो.

आधी ट्रेनर

ट्रेनर दोन प्रकारचे. पहिल्यात मागचं चाक तसंच ठेवून टायर रोलरवर दाबला जातो. दुसऱ्यात मागचं चाक काढून साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअर-चकत्यांच्या संचावर) चढवतात. त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. दुसरा प्रकार अचूक आणि शांत, पण महाग.

खरेदीआधी आपल्या सायकलचं मागचं चाक नीट बघा. आपल्याकडच्या बऱ्याच सुरुवातीच्या हायब्रिड सायकलींना ७ गिअरचं, चाकाच्या हबवर आट्यांनी घट्ट बसवलेलं फ्रीव्हील असतं. ते डायरेक्ट ड्राइव्हवर चढत नाही. वेगळी कॅसेट घ्यावी लागते आणि गिअरही पुन्हा जुळवावे लागतात. अशा सायकलीला रोलरवाला स्मार्ट ट्रेनर (सॉफ्टवेअरशी जोडून स्वतः भार बदलणारा) सोयीचा. मात्र खाचांचा एमटीबी (माउंटन बाइक) टायर त्यावर चालवू नका. आवाज असह्य होतो आणि रबर झिजून जमिनीवर पडतं. गुळगुळीत टायर टाका. डिस्क ब्रेकच्या सायकलींना बहुधा थ्रू अॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) असतो, तेव्हा त्याचा अॅडॉप्टर ट्रेनरसोबत मिळतो का तेही दुकानातच विचारून घ्या.

स्मार्ट ट्रेनरचं बजेट नसेल तर साधा ट्रेनर आणि मागच्या चाकाला स्पीड सेन्सर, एवढ्यावरही झ्विफ्ट चालतं. यादीतून ट्रेनरचं मॉडेल निवडलं की सॉफ्टवेअर वेगावरून वॅटचा अंदाज काढतं. चढ आल्यावर पेडल आपोआप जड होणार नाही आणि आकडा अंदाजाचाच राहील, पण सुरुवात करायला हे पुरेसं आहे.

जागा आणि वारा

बिल्डिंगमध्ये राहत असाल तर खाली जाड रबरी मॅट टाका. आवाजापेक्षा स्लॅबमधून जाणारी थरथर खालच्या घरात जास्त जाणवते. पहाटे ५ ला सायकल सुरू करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

पंख्याच्या बाबतीत मी अगदी आग्रही आहे. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, त्यातली जेमतेम पाव पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. पेडलवर १५० वॅट लावताना साधारण ४५० ते ६०० वॅट उष्णता शरीराबाहेर पडावी लागते. रस्त्यावर हे काम वारा करतो. घरात तो नसतो, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम सुकतच नाही. छताचा पंखा पुरत नाही. पेडेस्टल फॅन समोरून, थेट छातीवर येईल असा लावा. शक्य असेल तर दोन लावा आणि खिडकी उघडी ठेवा. पंखा नसेल तर २० मिनिटांत हृदयाचे ठोके चढतात, वॅट खाली येतात आणि माणूस समजतो की आपला दम कमी पडला.

हँडलवर टॉवेल टाका. घामातलं मीठ हेडसेटच्या (हँडल जिथे फिरतं त्या सांध्याच्या) बोल्टपासून केबलपर्यंत सगळं गंजवतं. तासाभराला दोन बाटल्या जवळ ठेवा, एक साध्या पाण्याची, एक लिंबू-मीठ-साखरेची.

सॉफ्टवेअर

झ्विफ्ट विंडोज, मॅक, आयफोन-आयपॅड, अँड्रॉइड आणि अॅपल टीव्हीवर चालतं आणि त्याला दरमहा वर्गणी लागते. ती नको असेल तर अबू धाबीतून चालणारं मायवूश फुकट आहे. २०२० मध्ये सायकलिंग ई-स्पोर्ट्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झ्विफ्टवर झाली आणि २०२४ ची मायवूशवर. तेव्हा फुकट म्हणजे कमअस्सल असं समजू नका. खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ हवे असतील तर रूव्ही बघा. खालच्या पायऱ्या झ्विफ्टच्या असल्या तरी बाकीच्यांतही जोडणी जवळपास अशीच होते.

डाउनलोड मोठं असतं. पहिल्या राइडच्या आदल्या दिवशीच ते उरकून घ्या. खातं उघडताना वजन खरं लिहा. कमी लिहिलं तर चढावर भराभर वर जाल, पण मग तो आकडा कुणाच्याच, अगदी तुमच्याही उपयोगाचा राहत नाही. ट्रेनर कंपनीचं अॅप फोनवर घेऊन फर्मवेअर (ट्रेनरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि नंतर ते अॅप पूर्ण बंद करा.

जोडणी

बहुतेकांची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते. बऱ्याच ट्रेनरांचं ब्लूटूथ एका वेळी एकाच यंत्राशी बोलतं. फोनवरच्या अॅपने ट्रेनर धरून ठेवला असेल तर लॅपटॉपला तो दिसणारच नाही. म्हणून फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि मग शोधा. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ट्रेनर पेअर करू नका, जोडणी झ्विफ्टच्या आतूनच करायची. अँड्रॉइडवर लोकेशन आणि जवळच्या उपकरणांची परवानगी द्या, नाहीतर यादी रिकामी दिसेल. पेडल दोन-चार वेळा फिरवा, ट्रेनर जागा होतो.

जोडणीच्या पडद्यावर वेगवेगळे चौकोन दिसतील. 'पॉवर सोर्स'मध्ये ट्रेनर निवडा. 'रेझिस्टन्स'मध्येही तोच ट्रेनर निवडायचा आहे, आणि नेमकं हेच राहून जातं. मग वॅट दिसतात पण चढ जाणवत नाही, आणि ट्रेनर बिघडला असं वाटून लोक दुकानात फोन करतात. 'केडन्स' (मिनिटाला पेडलचे फेरे) बहुतेक ट्रेनर स्वतःच देतात. छातीचा पट्टा असेल तर तो 'हार्ट रेट'मध्ये जोडा.

एएनटी प्लस (ब्लूटूथसारखीच सेन्सर जोडायची दुसरी बिनतारी पद्धत) वापरत असाल तर यूएसबी डाँगल लॅपटॉपच्या मागे खोचून ठेवू नका. एक्स्टेन्शन केबलने तो ट्रेनरच्या जवळ आणा. वायफाय राउटरही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, म्हणून राउटर खोलीतच असेल तर सिग्नल तुटण्याची शक्यता वाढते. ट्रेनर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तर वीज गेली तरी राइड चालू राहते.

आकडा तपासणं

रोलरवाल्या ट्रेनरचं कॅलिब्रेशन (आकडा अचूक यावा म्हणून करायची जुळणी) थंड असताना करू नका. टायरमध्ये दर वेळी सारखीच हवा भरा, १० मिनिटं चालवा आणि मग ट्रेनरच्या अॅपमधून स्पिनडाउन करा. ठरलेल्या वेगापर्यंत नेऊन पेडल थांबवायचं आणि चाक आपोआप थांबू द्यायचं. बऱ्याच नव्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरांना हे लागत नाही.

सेटिंगमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' नावाची पट्टी मूळ ५० टक्क्यांवर असते. म्हणजे ८ टक्क्यांचा चढ पायाला ४ टक्क्यांसारखा लागतो. ती कमी केल्याने तुम्ही जोरात जात नाही, फक्त गिअर कमी बदलावे लागतात. घाटाची तयारी करत असाल तर हळूहळू वाढवा.

पहिली राइड

वटोपिया या काल्पनिक बेटावरचा 'टेम्पस फ्युजिट' हा जवळजवळ सपाट रस्ता निवडा आणि अर्धा तास निवांत चालवा. आल्प द्यू झ्विफ्ट फ्रान्समधल्या आल्प द्युएझवर बेतलेला आहे, २१ वळणं, १२.२ किलोमीटर, १,०३६ मीटर चढण. तो काही आठवड्यांनी.

मग रॅम्प टेस्ट द्या. दर मिनिटाला २० वॅट वाढत जातात आणि पाय थांबले की टेस्ट संपते. सर्वोत्तम मिनिटाचे ७५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी, साधारण तासभर टिकवता येतील एवढे वॅट. ते मिनिट २४० वॅटचं असेल तर एफटीपी १८०. पुढचे सगळे वर्कआउट यावर बेतले जातात. ही टेस्ट शरीराला पार थकवते, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वर्कआउटमध्ये ट्रेनर अर्ग मोडमध्ये जातो. ठरलेले वॅट राखायची जबाबदारी त्याची. तुम्ही पेडल हळू केलं की तो भार वाढवतो, पाय आणखी मंदावतात, भार आणखी वाढतो आणि शेवटी पेडल अडकतं. असं झालं तर जोर लावून झगडू नका. दोन-चार सेकंद पाय थांबवा आणि पुन्हा ८५-९० च्या केडन्सने सुरू करा. या मोडमध्ये गिअर बदलायची गरज नसते. पुढे लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे मधली चकती ठेवा, साखळी सरळ राहते आणि आवाजही कमी होतो.

राइड संपली की मेनूतून सेव्ह करूनच बाहेर पडा. स्ट्राव्हा (राइडची नोंद ठेवणारं अॅप) जोडलेलं असेल तर ती तिथे आपोआप जाते. रोलर टायरपासून सैल करा, नाहीतर टायर एका जागी दबून चपटा होतो. फ्रेम आणि बोल्ट कोरड्या फडक्याने पुसा, आणि आठवड्यातून एकदा साखळीला तेल द्या.