फोर्क बसला की पंप लावता? या चुका टाळा

इंदूरच्या एमटीबीवाल्यांत, म्हणजे डोंगरी सायकल चालवणाऱ्यांत, एक सवय पक्की रुजली आहे: फोर्क (पुढचं चाक धरणारा, झटके झेलणारा दोन पायांचा भाग) मऊ वाटला की हवा भर, कडक वाटला की हवा सोड. रविवारी चोरलकडे किंवा जानापावला निघायच्या आधी फाटकापाशीच हा उद्योग चालतो. पण मऊ-कडक वाटण्याचं कारण दर वेळी हवा नसते, आणि पंपाने खरा दोष झाकला जातो.

आधी फोर्क हवेचा आहे का ते बघा. स्वस्त सायकलींत बहुधा लोखंडी स्प्रिंगच असते. हवेचा असेल तर बहुतेक वेळा डाव्या पायाच्या डोक्यावर टोपी असते आणि तिच्याखाली मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह. तिथे फक्त शॉक पंप, म्हणजे फोर्कसाठीचा काटा असलेला छोटा हातपंप लावायचा. ‘भिया, टायर में डलती है तो इसमें भी डाल देंगे’ म्हणणाऱ्या कॉम्प्रेसरवाल्याला हात जोडा. आतली जागा इतकी लहान असते की डोळा लवतो न लवतो तोच प्रेशर कुठल्या कुठे चढतं.

आता ‘लीक’चं बघू. काल 80 पीएसआय भरले, आज पंप लावला तर काटा 70 वर. झालं, सील गेलं! अहो, पंपाची नळी रिकामी असते. जोडल्याबरोबर फोर्कमधली थोडी हवा तिच्यात शिरते. आणि पंप काढताना होणारा फुस्स आवाज बहुतेक त्या नळीतल्या हवेचाच असतो. म्हणून लीक पंपाने तपासू नका, सॅगने तपासा, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो त्याने. नेहमीच्या कपड्यांत, पाठपिशवीसकट सायकलवर उभे राहा, स्टँशनवरची (फोर्कच्या आत-बाहेर सरकणाऱ्या चकचकीत नळीवरची) रबरी रिंग किती सरकली ते मोजा. 140 मिलिमीटरच्या फोर्कला 20 टक्के म्हणजे 28 मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी पंप न लावता पुन्हा मोजा. आकडा तोच आला तर लीक नाही. वाढला तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. कधी कधी व्हॉल्व्हचा कोर जरा घट्ट केला की काम भागतं.

ऋतूही फसवतो. जानेवारीत सकाळी 10 अंशांना भरलेले 80 पीएसआय मे महिन्याच्या दुपारी 40 अंशांना साधारण 90 होतात. उन्हात गाडीच्या डिकीत सायकल तापली तर आणखी. त्यामुळे उन्हाळ्यात फोर्क दगड झाला म्हणून टोकन (हवेची जागा कमी करणारे आतले प्लास्टिकचे तुकडे) काढायला धावू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो निगेटिव्ह चेंबरचा. पिस्टनच्या वर एक हवा असते, खाली दुसरी. वरची फोर्क उचलून धरते, खालची, म्हणजे निगेटिव्ह चेंबरमधली, त्याला सुरुवातीला सहज दबू देते. बऱ्याच फोर्कमध्ये स्टँशनच्या आतल्या भिंतीवर एक बारीक खळगा असतो. पिस्टन त्याच्यासमोर आला की दोन्हीकडचं प्रेशर सारखं होतं. एका दमात 80 भरून मोकळे झालात तर खालचा कप्पा रिकामाच राहतो. फोर्क ताठ वाटतो, मग पहिल्या उतारावर हवा खाली जाते, सॅग वाढतो आणि पुन्हा ‘लीक’चा गजर होतो. 20-20 करून भरा, दर वेळी फोर्क हळू चार-पाचदा दाबा, शेवटी काटा पुन्हा बघा.

उलट प्रकारही होतो. हवा भसकन सोडली की खालचं प्रेशर तसंच राहतं आणि फोर्कला आत ओढून धरतं. 140 चा फोर्क 120 चा दिसू लागतो. अशा वेळी कंपनीने लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत भरपूर हवा भरा, फोर्क हळू दाबा आणि वर खेचा, मग सावकाश नेहमीच्या आकड्यावर आणा. दोन-चार राइडमध्ये तो पुन्हा बसला तर पिस्टनचं सील गेलंय किंवा कुणीतरी ग्रीस थापून तो खळगा बुजवलाय. अशा बसलेल्या फोर्कला घरी पाना लावू नका. वरच्या व्हॉल्व्हमधून हवा गेली तरी खालच्या कप्प्यात प्रेशर कोंडलेलं असू शकतं, आणि उघडताना सुटा भाग तोंडावर उडू शकतो.

फोर्क शेवटपर्यंत जातच नसेल तर सगळे टोकनला दोष देतात. आधी वरची सगळी हवा हळूहळू सोडून फोर्क दाबा. बुडाशीही तो गादीसारखा हात परत ढकलत असेल तर लोअर्समध्ये, म्हणजे फोर्कच्या खालच्या बाहेरच्या पायांत, हवा साठली आहे. इंदूर साडेपाचशे मीटरवर. इथून सायकल लेहला नेली तर बाहेरचा दाब कमी होऊन आत अडकलेली हवा जाणवू लागते. काही फोर्कना मागे बटण असतं, ते दाबा. वायपरमध्ये (स्टँशनभोवतीच्या धूळ अडवणाऱ्या रबरी सीलमध्ये) प्लास्टिकची झिप टाय खुपसण्याची युक्ती मला पसंत नाही. कशाने ओरखडा पडला तर नवी स्टँशन महागात पडते. घरीच असताना हवा पुन्हा पुन्हा साठत असेल, आणि सॅगही रोज वाढत असेल, तर एअर स्प्रिंगचं खालचं सील गळतंय.

राहिली आपली माळव्याची काळी माती. ती वायपरला चिकटून वाळली की फोर्क अडकत चालतो आणि लोक हवा कमी करतात. त्यावर डब्ल्यूडी-40 मारू नका, ते आतलं ग्रीस धुऊन काढतं. ओल्या फडक्याने पुसा. लोअर्सच्या सर्व्हिससाठी फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी 50 तासांच्या राइडिंगचा हिशेब सांगते. पावसाळ्यात पाताळपाणीच्या चिखलात जाणाऱ्यांनी त्याच्याही आधी करावी.