कोकणासाठी उद्योग प्रोत्साहन कार्यालय : प्रस्तावापासून पहिल्या अर्जापर्यंत

नवे शासकीय कार्यालय उभारायचे ठरले की पहिली चर्चा जागेची, गाडीची आणि पदांची होते. त्या कार्यालयाने कोणाला काय विचारायचे आणि विचारलेल्याने उत्तर दिले नाही तर काय करायचे, हा विषय शासन निर्णय निघून गेल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतो. उद्योगवाढीसाठी राज्य शासनाचे प्रादेशिक कार्यालय कोकणात सुरू करण्याचा प्रस्ताव ज्यांच्या टेबलावर येईल त्या अधिकाऱ्यांसाठी, आणि असा प्रस्ताव लावून धरू इच्छिणाऱ्या लोकप्रतिनिधींसाठी व व्यापारी संघटनांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. तिचा क्रम नेहमीच्या उलट आहे : आधी अधिकार, मग आस्थापना, म्हणजे पदे व पैसा, आणि शेवटी कामाचे वेळापत्रक.

सुरुवात प्रस्तावाने करू नये, शोधाने करावी. उद्योजकासाठी शासनाच्या खिडक्या आधीच पुष्कळ आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून आहे आणि तारापूर, तळोजा, रोहे, महाड, लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळ अशा त्याच्या वसाहती कोकणात पसरलेल्या आहेत. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ च्या केंद्रीय योजनेतून आली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती, म्हणजे बोलीभाषेतली ‘झूम’, भरते. राज्य पातळीवर उद्योगांच्या परवानग्या एका खिडकीतून मिळाव्यात म्हणून ‘मैत्री’ कक्ष आहे आणि त्याला २०२३ च्या कायद्याचा आधार मिळाला आहे. खादी व ग्रामोद्योग मंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग, मेरीटाईम बोर्ड, पर्यटन विकास महामंडळ आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ यांची कामे वेगळी मोजावी लागतील. यांच्यात आणखी एका पाटीची भर घालायची असेल, तर यांपैकी कोणीच करत नाही असे कोणते काम राहिले आहे, ते कागदावर दाखवता आले पाहिजे.

त्यासाठी एक सोपी पण चिकाटीची पद्धत आहे. गेल्या तीन वर्षांत कोकणात सुरू झालेले पाच आणि सुरू होता होता बंद पडलेले पाच, असे दहा छोटे उद्योग निवडावेत आणि प्रत्येकाची फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस होती, हे आवक-जावक नोंदवह्या उघडून तारखांनिशी लिहून काढावे. काजू प्रक्रियेचा कारखाना घ्या. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, जमिनीच्या अकृषिक वापराची परवानगी, महावितरणची थ्री-फेज जोडणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, अन्न परवाना आणि बँकेचे कर्ज यांतला प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे पाहिला तर फार लांब नसतो. वेळ जातो तो दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत. वीज कार्यालय जमिनीचा कागद मागते, जमिनीच्या कार्यालयाला मोजणीचा नकाशा हवा असतो, बँक विजेचे अंदाजपत्रक मागते आणि अर्जदार तालुक्याच्या गावी एसटीने खेपा घालत राहतो. या फटीला आज कोणीही मालक नाही. नव्या कार्यालयाचे काम हेच असावे आणि प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ते एका वाक्यात लिहिलेले असावे.

कार्यालयाचे स्वरूप

स्वरूपाचे पर्याय साधारण चार आहेत : कायद्याने स्थापन केलेले प्राधिकरण, कंपनी कायद्याखालील महामंडळ, नोंदणीकृत संस्था, किंवा उद्योग विभागाच्या अखत्यारीतील साधे प्रादेशिक कार्यालय. महामंडळाचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण त्यात अध्यक्षपद असते. कोकणाला हा अनुभव नवीन नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या कोकण विकास महामंडळाचे कामकाज पुढे थांबले. स्वतःचे उत्पन्न नसलेले महामंडळ पगारासाठी शासनाकडेच पाहते आणि वर संचालक मंडळाच्या सभा, वार्षिक लेखे आणि लेखापरीक्षणाचे ओझे वाहते. प्राधिकरणाला विधिमंडळात विधेयक आणावे लागते आणि ते येईपर्यंत दोन-तीन आंबा हंगाम निघून जातात. माझ्या मते साधे प्रादेशिक कार्यालयच योग्य. मात्र त्याच्या प्रमुखाचा दर्जा जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत बरोबरीने बसता येईल एवढा हवा.

कार्यक्षेत्र ठरवताना प्रशासकीय कोकण विभाग डोळे मिटून घेऊ नये. त्या विभागात मुंबईच्या दोन जिल्ह्यांसह सात जिल्हे येतात, आणि ठाण्याच्या उद्योजकाची अडचण व वेंगुर्ल्याच्या उद्योजकाची अडचण यांत फारसे साम्य नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे घ्यावेत. पालघरचा विचार स्वतंत्रपणे व्हावा, कारण तिथले आदिवासी क्षेत्राचे जमीनविषयक नियम वेगळे आहेत. मुख्यालय बेलापूरच्या कोकण भवनात नको. सावंतवाडीच्या माणसाला एका सहीसाठी रात्रीच्या गाडीने नवी मुंबई गाठावी लागणार असेल तर प्रोत्साहन हा शब्द पाटीवरून काढलेला बरा. रत्नागिरी मध्यवर्ती आहे आणि कोकण रेल्वेवर आहे. तेवढे पुरेसे आहे.

शासन निर्णयातील एक परिच्छेद

या संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ एका परिच्छेदाला द्यावा. शासन निर्णयांत नेहमी आढळणारे वाक्य असे असते : ‘सर्व संबंधित विभागांनी या कार्यालयास आवश्यक ते सहकार्य करावे.’ या वाक्याने आजवर एकही फाईल हललेली नाही, कारण त्यात मुदत नाही, कर्ता नाही आणि मुदत टळल्यावर काय होईल तेही नाही. त्याऐवजी मसुदा असा असावा : ‘या कार्यालयाने नोंद करून पाठविलेल्या अर्जावर संबंधित कार्यालय १५ कामकाजाच्या दिवसांत मंजुरी, सकारण नकार किंवा सर्व त्रुटींची एकत्रित यादी देईल, यांपैकी काहीही न झाल्यास ते प्रकरण जिल्हा उद्योग मित्र समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत आपोआप समाविष्ट होईल आणि संबंधित कार्यालयप्रमुख बैठकीस स्वतः उपस्थित राहतील.’ ‘एकत्रित’, ‘आपोआप’ आणि ‘स्वतः’ हे तीन शब्द मसुदा फिरत असताना गळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्यांच्यावर लक्ष ठेवावे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ज्या सेवा आधीच अधिसूचित आहेत, त्यांच्या मुदती तशाच ठेवून त्यांचा संदर्भ द्यावा, म्हणजे दोन मुदतींचा वाद उद्भवत नाही.

मंत्रिमंडळासमोर जाण्यापूर्वी टिप्पणीवर वित्त, नियोजन, सामान्य प्रशासन आणि विधी व न्याय या विभागांचे अभिप्राय घ्यावे लागतात. वरील परिच्छेद महसूल, ऊर्जा, पर्यावरण आणि ग्रामविकास या विभागांनाही बांधणारा असल्यामुळे त्यांचे अभिप्राय लेखी घ्यावेत. तोंडी होकारावर गेलेला प्रस्ताव नंतर त्याच विभागाच्या परिपत्रकाने निष्प्रभ होतो.

पदे आणि पैसा

पदनिर्मितीसाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते, आणि तिथे पहिला प्रश्न अपेक्षित असतो तो हा की अस्तित्वातील पदे का वर्ग करत नाही. उत्तर तयार ठेवावे, शक्य तिथे खरोखरच वर्ग करावीत. बारा-तेरा पदांचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, पुरेसा आहे. त्यात महसूल विभागाचा नायब तहसीलदार, भूमी अभिलेखचा एक अनुभवी भूकरमापक आणि पतप्रस्ताव वाचता येणारा एक बँक अधिकारी हे तिघे प्रतिनियुक्तीने आलेच पाहिजेत. हे नसतील तर कार्यालय केवळ पोस्टाचे काम करील. जनसंपर्क अधिकाऱ्याचे पद मागू नये. प्रतिनियुक्तीचा किमान कालावधी आदेशातच लिहून घ्यावा, नाहीतर चांगला माणूस वर्षभरात परत मागवला जातो.

खर्चाची तरतूद अर्थसंकल्पात होते किंवा पुरवणी मागण्यांतून. मुख्य लेखाशीर्ष २८५१, ग्राम व लघु उद्योग, याखाली नवे उपशीर्ष उघडावे लागेल. जिल्हा नियोजन समितीचा निधी पहिल्या वर्षीच्या फर्निचरला किंवा शिबिरांना उपयोगी पडतो. पगारासाठी त्यावर विसंबू नये. आणखी एक बाब किरकोळ वाटते, पण नाही. माझ्या सेवाकाळात एका जिल्ह्यात नवे कार्यालय मार्चमध्ये थाटात सुरू झाले. फीत कापली गेली, पण कार्यालयप्रमुखाला आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कोषागारातून पैसे काढून ते वाटण्याचा अधिकार असलेला अधिकारी, म्हणून घोषित करणारा आदेश कोणी काढलाच नव्हता. पाच महिने पगार निघाला नाही, विजेचे बिल शेजारच्या कार्यालयाने भरले आणि आलेल्या अर्जांची रद्दी एका खोक्यात साठत राहिली. हा आदेश, कोषागाराकडील सांकेतांक आणि नमुना सह्या हे सारे उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेआधी पूर्ण झालेले असावे.

जमीन

कोकणात उद्योगाची अडचण भांडवलाच्या आधी जमिनीत सुरू होते. वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर चौदा नावे असतात. त्यांतली चार हयात नसतात, वारसनोंद झालेली नसते आणि उरलेल्यांपैकी सहा जण परळ, डोंबिवली किंवा विरारला राहतात. सिंधुदुर्गात वनसंज्ञा (खासगी जमिनीवर लागलेली वनाची नोंद), आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) आणि आंबोली-चौकुळ-गेळे भागात कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांच्या सामूहिक वहिवाटीची जमीन) असे वेगळेच प्रश्न आहेत, आणि किनाऱ्यालगत सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची रेषा आहे. कार्यालयाने हे प्रश्न सोडवण्याचे आश्वासन देऊ नये. ते त्याच्या हातात नाही. त्याने एवढे करावे की अर्जदाराने पैसे गुंतवण्याआधी त्याच्या गट क्रमांकावर यांपैकी काय लागू आहे, याची लेखी माहिती एका महिन्यात त्याला द्यावी. ‘इथे कारखाना होणार नाही’ हे उत्तरसुद्धा वेळेवर मिळाले तर ती सेवाच आहे.

सहहिस्सेदारांच्या संमतीसाठी शिबिरे घ्यावयाची असतील तर ती गणपतीत आणि शिमग्यात घ्यावीत, कारण चाकरमानी त्याच वेळी गावात एकत्र असतात. गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यावर आणि परतीच्या गाड्या सुटण्याआधी दोन-तीन दिवस मिळतात. अडचण अशी की तलाठीही कोकणातलाच असेल तर त्याच्याही घरी गणपती असतो. म्हणून शिबिरासाठी कर्मचारी घाटमाथ्यावरच्या तालुक्यांतून मागवावेत आणि त्यांना बदली रजा द्यावी.

हंगामाचे वेळापत्रक

मंत्रालयाचे वर्ष एप्रिलला सुरू होते, कोकणातल्या उद्योगाचे नाही. काजू बी साधारण फेब्रुवारीअखेर ते मे या काळात बाजारात येते आणि प्रक्रिया करणाऱ्याला वर्षभर पुरेल एवढी बी त्याच दोन-तीन महिन्यांत विकत घेऊन, वाळवून, गोदामात भरावी लागते. म्हणजे त्याचे खेळते भांडवल फेब्रुवारीच्या आत मंजूर नसेल तर त्या वर्षाचा कारखाना अर्धा रिकामा चालणार. बँकेला ऑक्टोबरमध्ये प्रस्ताव द्यायचा असेल तर कागद सप्टेंबरमध्ये तयार हवेत. आंबा आणि कोकम यांचेही असेच आहे. कॅनिंगचा पल्प एप्रिल-मेच्या उष्म्यात भरला जातो, तेव्हा वीज जोडणीचा अर्ज पावसाळ्यातच व्हायला हवा. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून बर्फ कारखाने आणि शीतगृहांची पाहणी त्या दोन महिन्यांत उरकावी. कार्यालयात भिंतीवर जे कॅलेंडर लागेल ते या तारखांवरून मागे मोजत केलेले असावे.

पुढचा प्रश्न विक्रीचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला आणि कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकन आहे, पण ते वापरण्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, हे अनेकांना माहीत नसते. ही नोंदणी करून देणे हे कमी खर्चाचे आणि लगेच दिसणारे काम आहे. तसेच मोठ्या खरेदीदाराने पैसे थकवले तर सूक्ष्म व लघु उद्योजकाला २००६ च्या कायद्यानुसार कमाल ४५ दिवसांची मुदत आणि त्यानंतर सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकीत रकमांचे वाद ऐकणाऱ्या त्याच कायद्याखालील परिषदेकडे, दाद मागण्याचा हक्क आहे. तो अर्ज भरून देण्याची सोय कार्यालयात असावी.

कामाचे मोजमाप सामंजस्य करारांच्या रकमांनी करू नये. त्या रकमा वर्तमानपत्रासाठी असतात. नोंदवहीत प्रत्येक अर्जासमोर तीनच तारखा असाव्यात : अर्ज आला तो दिवस, वीज जोडली गेली तो दिवस आणि पहिला माल विकला गेला तो दिवस. हे तक्ते दर तिमाहीला तालुकानिहाय जाहीर करावेत, रिकाम्या रकान्यांसह.

उद्घाटन गुढीपाडव्याला ठेवावे असा आग्रह हमखास होईल. तो मोडून काढावा, कारण त्या वेळी काजू, आंबा आणि कोकम तिन्ही अंगावर आलेले असतात आणि एकाही उद्योजकाला अर्ज भरायला फुरसत नसते. नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात जातात आणि पंधरवड्यात चाकरमानी गावी येतात. दार तेव्हा उघडावे, म्हणजे त्या हंगामाचे कर्जप्रस्ताव ऑक्टोबरपर्यंत बँकेत पोहोचू शकतील.