परदेशातील वैमानिकाची नोकरी : पगार आणि खर्चाचा हिशोब करताना या चुका टाळा

परदेशी विमान कंपनीचा प्रस्ताव हाती पडला की बहुतेक वैमानिक त्यातला महिन्याचा एकूण आकडा पाहतात, त्याला चलनाच्या आजच्या दराने गुणतात आणि सध्याच्या पगाराशी ताडून निर्णय जवळपास पक्का करून टाकतात. गुणाकार बरोबर असतो; पण ज्या आकड्यावर तो केलेला असतो, तो मुळात निरनिराळ्या रकमांची बेरीज असतो. त्यांतली काही रक्कम दरमहा न चुकता मिळते, काही उडालेल्या तासांवर अवलंबून असते, तर काही आपल्या हाताला न लागता घरमालकाकडे किंवा शाळेकडे जाते. पुढे दिलेल्या बहुतेक चुका यांपैकी एखादी रक्कम भलत्याच खात्यात धरल्यामुळे होतात.

उड्डाणभत्ता कायम पगारात धरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. समजा, प्रस्तावात महिन्याला 12,000 डॉलर लिहिले आहेत. त्यांतले 6,000 मूळ वेतन, 2,600 घरभाडे भत्ता आणि उरलेले 3,400 म्हणजे तासाला 40 डॉलर दराने 85 तासांचा उड्डाणभत्ता. आता हे 85 तास वर्षभर मिळतील का, हे तपासण्यासाठी कंपनीला विचारावेही लागत नाही, नियमच उत्तर देतात. युरोपीय नियमांनुसार वैमानिकाला 28 दिवसांत 100 तास उडता येते, पण एका कॅलेंडर वर्षात 900 तासांच्या वर जाता येत नाही. म्हणजे महिन्याची सरासरी जास्तीत जास्त 75 तास येते आणि 85 तासांचा महिना हा अपवादच ठरतो. इतर देशांच्या मर्यादा थोड्या वेगळ्या आहेत, पण वार्षिक कमाल मर्यादा मासिक मर्यादेच्या बारा पटींपेक्षा कमी असणे हे जवळपास सगळीकडे सारखेच आहे.

त्यातून रजा, सिम्युलेटर तपासणी, वर्गातले प्रशिक्षण आणि राखीव ड्युटीचे (बोलावले तरच उडायचे, एरवी तयार राहायचे असे) दिवस वजा करावे लागतात. दोन आठवड्यांची रजा आणि सिम्युलेटर एकाच महिन्यात आले की रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या मासिक वेळापत्रकावर, जेमतेम 38 तास उरतात आणि उड्डाणभत्ता 1,520 डॉलरवर येतो. वर्षाला 750 तास धरले, तर वरच्या उदाहरणातली व्यक्ती 1,44,000 नव्हे, तर 1,33,200 डॉलर कमावते. म्हणून करारात हमीचे तास, म्हणजे कमी उडाले तरी ज्यांचे पैसे मिळतातच असे तास, किती आहेत आणि रजेच्या महिन्यात ती हमी पूर्ण मिळते की दिवसांच्या प्रमाणात कापली जाते, हे लेखी विचारून घ्यावे. तास कसे मोजतात, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. काही कंपन्या विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा प्रत्यक्ष वेळ धरतात, तर काही वेळापत्रकातला ठरलेला वेळ धरतात. प्रवासी म्हणून दुसऱ्या तळावर जावे लागले तर त्या वेळेचे पैसे कुठे पूर्ण, कुठे निम्मे, तर कुठे अजिबात मिळत नाहीत. नोकरी सुरू झाल्यावर पगारपत्रक आणि आपली लॉगबुक जुळत नसतील, तर घोळ बहुधा याच दोन ठिकाणी सापडतो. दोन्ही नोंदी उड्डाणागणिक समोरासमोर लावल्या की तो लवकर लक्षात येतो.

मूळ वेतनाला महत्त्व देण्याचे आणखी एक कारण आहे. आजारपणात किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र स्थगित झाल्यावर उड्डाणभत्ता बंद होतो, आणि 2020 मध्ये विमाने जमिनीवर उभी राहिली तेव्हा तो एकाच वेळी असंख्य वैमानिकांचा बंद झाला. नोकरी सोडताना मिळणारी रक्कमही अनेकदा मूळ वेतनावरच ठरते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचे मूळ वेतन अशी ग्रॅच्युइटी आहे. भत्ते त्यात धरत नाहीत. दोन प्रस्तावांची एकूण रक्कम सारखी असेल, तर ज्यात मूळ वेतन जास्त तो प्रस्ताव माझ्या मते निःसंशय चांगला.

‘करमुक्त’ वाचून कराचा विचार सोडून देणे

अमिरातीत व्यक्तिगत प्राप्तिकर नाही, हे खरे. पण त्यावरून आपल्यावर कुठेच कर नाही, असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकी नागरिकाला जगात कुठेही कमावले तरी अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते. इतर बहुतेक देशांत प्रश्न नागरिकत्वाचा नसून करनिवासाचा, म्हणजे करासाठी तुम्ही कोणत्या देशाचे रहिवासी ठरता याचा असतो, आणि कुटुंब मायदेशी ठेवून ये-जा करणाऱ्या वैमानिकाचा करनिवास कोणता, हे ठरवणे वाटते तितके सोपे नसते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी दुहेरी करनिवारण करारांत स्वतंत्र तरतूद असते. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने आपल्या नमुना करारात 2017 मध्ये बदल करून हा कर कर्मचाऱ्याच्या निवासाच्या देशात लागावा असे सुचवले. मात्र जुन्या करारांपैकी अनेकांत अजून विमान कंपनीचे व्यवस्थापन जिथून चालते त्या देशाचाही हक्क आहे. त्यामुळे सहकाऱ्याने काय केले हे विचारण्यापेक्षा आपल्या दोन देशांमधला करार वाचलेला बरा.

जिथे कर आहे तिथे तो कधी भरावा लागतो, हेही पाहावे. जपानमध्ये रहिवासी कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, म्हणून नव्याने आलेल्याला पहिल्या वर्षी तो भरावा लागत नाही आणि पुढच्या जूनपासून हातात येणारा पगार अचानक घटतो. हाँगकाँगमध्ये पगारातून दरमहा कर कापतच नाहीत. पहिल्या मागणीपत्रात झालेल्या वर्षाचा कर आणि येणाऱ्या वर्षाचा आगाऊ कर असे दोन्ही एकत्र येतात. दर कमी असूनही लोकांची ओढाताण होते ती यामुळे.

घरभाड्याची फक्त मासिक रक्कम पाहणे

दुबईत भाडे वार्षिक ठरते आणि बऱ्याचदा मोजक्या, पुढच्या तारखांच्या धनादेशांनी द्यावे लागते. त्याशिवाय फर्निचर नसलेल्या घरासाठी वार्षिक भाड्याच्या साधारण 5 टक्के अनामत, तितकीच दलाली आणि वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होणारे वार्षिक भाड्याच्या 5 टक्के नगरपालिका शुल्क असते. भत्ता मात्र दरमहा मिळतो. पहिल्या तीन-चार महिन्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून घालण्याची तयारी नसेल, तर कंपनी आगाऊ रक्कम देते का आणि नोकरी मध्येच सोडल्यास ती कशी वसूल करते, हे आधी विचारावे.

शहरांच्या महागाईच्या क्रमवाऱ्या या कामी फारशा उपयोगी नाहीत, कारण त्या तुमच्या रोस्टरवर बेतलेल्या नसतात. महिन्यातल्या दहा-बारा रात्री हॉटेलात काढणाऱ्या एकट्या वैमानिकाचा खर्च आणि तीन मुलांना आंतरराष्ट्रीय शाळेत घालणाऱ्याचा खर्च यांत एकाच शहरात दुपटीहून अधिक अंतर पडू शकते. शिक्षण भत्त्याला मुलांच्या संख्येची, वयाची आणि रकमेची कमाल मर्यादा असते का, प्रवेश शुल्क व बससेवा त्यात येतात का, आणि कॅप्टनपद मिळाल्यावरच तो लागू होतो का, हे पाहावे. बालवाडीची फी भत्त्यात बसत नसल्याचे अनेकांना शाळेच्या दारात कळते.

चलनाचा दर स्थिर मानणे

अमिरातीचा दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे आणि सौदी रियाल 3.75 या दराने. पण ही स्थिरता डॉलरपुरती आहे. कर्जाचे हप्ते युरोत जात असतील, तर डॉलर-युरोची चढउतार तुमच्या माथी येतेच. उलट बाजूचे उदाहरण नायजेरियाचे आहे. जून 2023 मध्ये नायराचा दर खुला झाला तेव्हा डॉलरचा अधिकृत भाव 470 नायराच्या आसपास होता. 2024 च्या सुरुवातीला तो 1,500 च्या वर गेला. अशा देशात पगार कोणत्या चलनात ठरला आहे, हे पाहून भागत नाही. तो प्रत्यक्षात कोणत्या चलनात, कोणत्या देशातल्या खात्यात आणि कोणत्या तारखेच्या दराने जमा होणार, हे करारात असले पाहिजे.

जाण्याचा आणि परतण्याचा खर्च विसरणे

परवाना बदलून घेण्याचा खर्च पैशांत कमी आणि वेळेत जास्त असतो. युरोपबाहेरचा परवाना असलेल्याला पूर्ण युरोपीय एअरलाइन परवाना हवा असेल, तर लेखी परीक्षेचे 13 विषय द्यावे लागतात, आणि त्या अभ्यासाच्या काळात उत्पन्न किती असेल हे हिशोबात धरावे लागते. नव्या विमानाच्या प्रशिक्षणासाठी बाँड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याचे बंधन) असल्यास त्याची रक्कम दर महिन्याला कमी होते की मुदत संपेपर्यंत पूर्ण तशीच राहते, हे वाचावे. दुसऱ्या प्रकारचा बाँड मी तरी सहसा स्वीकारण्याचा सल्ला देणार नाही. ये-जा करणाऱ्यांनी कर्मचारी तिकिटांवर संपूर्ण भिस्त ठेवू नये, कारण त्यांत आसनाची खात्री नसते आणि सुट्टीच्या हंगामात पूर्ण दराचे तिकीट काढावे लागते. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा नोकरी देणाऱ्या कंपनीने काढलेला असेल, तर तो नोकरीबरोबर संपतो, आणि चाळिशीनंतर स्वतःचा नवा विमा घेणे महाग पडते.

निघतानाचे महिनेही कोरडे जाऊ शकतात. हाँगकाँग कायमचे सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे शेवटचे पैसे मालकाने करखात्याची मोकळीक येईपर्यंत किंवा त्या खात्याला सूचना दिल्यापासून महिनाभर रोखून धरायचे असतात. त्याच सुमारास सामानाची वाहतूक, घराची अनामत परत मिळेपर्यंतचा काळ आणि मायदेशी परवाना पुन्हा चालू करण्याची तपासणी एकत्र येतात. म्हणून किमान तीन महिन्यांचा घरखर्च, त्या देशाबाहेरच्या खात्यात, रुजू झाल्यापासूनच बाजूला काढायला सुरुवात करावी आणि ही रक्कम मासिक बचतीत मोजू नये.